गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, बंद-चालू केली की सुधारते: गिअरबॉक्स खोलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी. हायवेवर तासभर चालल्यावर अचानक झटका बसला, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरला चिकटून बसली. वेग वाढवायला गेलं की इंजिन नुसतं ओरडतं. कडेला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली आणि चालू केली, तर सगळं पूर्ववत. चार दिवसांनी पुन्हा तेच. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, गिअर रेशोचा कोड निघाला आणि निदान मिळालं: गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. विचारणाऱ्यांना हे लिंप मोड काय असतं ते समजून घ्यायचंय, आणि गिअरबॉक्स खोलू द्यावा का, ते ठरवायचंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजून खोलू देऊ नका. तुमचा गिअरबॉक्स ठणठणीत आहे, असं मी म्हणत नाही. तो खराब असूही शकतो. पण तुम्ही जे सांगितलंय त्यावरून ते ठरत नाही, आणि नुसत्या रेशोच्या कोडवरूनही ठरत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एका गोष्टीचं: चांगला गिअरबॉक्स खोलला जातो, नव्या क्लच प्लेट बसतात, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा त्याच तक्रारीने उभी राहते, कारण दोष एका वायरीत होता.

लिंप मोड हा स्वतः दोष नव्हे. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने घेतलेला तो निर्णय आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतात ते तेलाच्या दाबाने. पंप दाब तयार करतो, व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटांमधून ते तेल वेगवेगळ्या क्लचपर्यंत पोहोचतं, आणि कोणती वाट उघडायची, दाब किती ठेवायचा, हे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात. सोलेनॉइडना वीज देणारा कंट्रोलर. हा कंट्रोलर सेकंदाला अनेक वेळा सगळीकडून माहिती घेत असतो: इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट किती फिरतोय, चाकांकडे जाणारा आउटपुट किती, तेल किती तापलंय, लिव्हर कुठे आहे, इंजिन किती जोर देतंय, बॅटरीचा दाब किती आहे. यातली एखादी महत्त्वाची माहिती येईनाशी झाली किंवा आलेली माहिती एकमेकींशी जुळेना, की चुकीच्या वेळी चुकीचा क्लच पकडला जाण्याचा धोका असतो. दोन क्लच नको तेव्हा एकत्र पकडले तर गिअरबॉक्स चालत्या गाडीत जाम होऊ शकतो. म्हणून कंट्रोलर हात काढून घेतो, बहुतेक रचनांमध्ये सोलेनॉइडची वीजच तोडतो.

वीज तुटल्यावरही गाडी चालते, आणि इंजिनिअरांनी ही सोय मुद्दाम केलेली असते. सगळे सोलेनॉइड बंद असताना तेल ज्या वाटेने जाईल त्या वाटेवर एक मधला गिअर ठेवलेला असतो, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा. रिव्हर्सची वाट पुष्कळ गिअरबॉक्समध्ये लिव्हरने थेट सरकणाऱ्या व्हॉल्व्हमधून जाते, त्यामुळे रिव्हर्सही पडतो. लंगडत का होईना, घर गाठता यावं एवढाच हेतू. काही गिअरबॉक्समध्ये याचे दोन टप्पे असतात: वरच्या गिअरमध्ये पळताना दोष आला तर वरचाच एखादा गिअर धरून ठेवला जातो, म्हणजे भर वेगात एकदम खाली येऊन इंजिन भडकत नाही, थांबून पुन्हा चालू केल्यावर मग खालचा मिळतो. लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यात फक्त वायर असलेल्या नव्या गाड्यांपैकी काहींत मात्र वीज पूर्ण गेली की गिअरबॉक्स पार्कमध्येच जातो. तिथे लंगडायचीही सोय नाही.

तुम्हाला बसलेला झटकाही यातूनच आला. दाब ठरवणारा सोलेनॉइड बहुतेक रचनांमध्ये असा असतो की वीज नसेल तर दाब पूर्ण चढतो. कमी दाबाने क्लच घसरून जळण्यापेक्षा जास्त दाबाने दणकून पकडलेला बरा, हा त्यामागचा विचार. म्हणून लिंप मोडमध्ये पार्कमधून ड्राइव्ह किंवा रिव्हर्स टाकताना धाडकन आवाज येतो. अनेक जण तो आवाज ऐकून घाबरतात आणि गिअर तुटला असं समजतात. तसं नसतं. उलट, दणकून पकडतोय याचा अर्थ पंप दाब देतोय आणि निदान तो एक क्लच तरी शाबूत आहे. गाडी जागेवर नुसती घुमत राहिली आणि पुढे सरकलीच नाही, तर मला जास्त काळजी वाटते.

एक फरक इथेच सांगून टाकतो, कारण गल्लत फार होते. इंजिनाचाही लिंप मोड असतो. थ्रॉटल किंवा टर्बोच्या दोषात इंजिन जोर कमी करतं आणि आरपीएम एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही, पण गिअर मात्र बदलत राहतात. गिअरबॉक्सच्या लिंप मोडमध्ये उलट असतं: इंजिन मोकळेपणाने ओरडतं, गिअर बदलत नाही. तुमचं वर्णन गिअरबॉक्सचंच आहे.

आता तो रेशोचा कोड. तुमच्या प्रकरणाची गाठ इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. कंट्रोलरला क्लच घसरतोय हे दिसत नाही, दिसू शकत नाही. तो फक्त भागाकार करतो. समजा तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.५ आहे. इनपुट शाफ्ट ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर आउटपुट २,००० वर असायलाच हवा. भागाकार १.५ आला की कंट्रोलर निवांत. आता क्लच घसरायला लागला, तर गाडी तेवढ्याच वेगात असताना इनपुट ३,६०० वर चढतो, भागाकार १.८ येतो, आणि तिसऱ्या गिअरचा चुकीचा रेशो म्हणून पी ०७३३ नोंदला जातो. पण समजा क्लच नीट आहे आणि इनपुट सेन्सरचा सिग्नलच मधेमधे गळतोय. खरे ३,००० असताना कंट्रोलरला २,२०० दिसले, की भागाकार १.१ येतो. कोड पुन्हा तोच. गिअरबॉक्सच्या आत काहीही बिघडलेलं नाही, पण कोडचं भाषांतर वाचणाऱ्याला वाटतं की तिसरा गिअर गेला. म्हणून रेशोचा कोड दिसला की 'क्लच गेला का' हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, भागाकारातला कोणता आकडा खोटा होता?

तुमची खूण अशी की दोष गाडी तापल्यावर येतो आणि थांबल्यावर जातो. यातून दोन्ही बाजूंना संशय जातो. तापलेलं तेल पातळ होतं, झिजलेल्या सीलमधून जास्त गळतं, दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. हा आतला दोष झाला. दुसरीकडे, तापल्यावर तडा गेलेला सोल्डरचा जोड सुटतो, सैल पिन संपर्क सोडते, सेन्सर तोंड मिटतो, आणि थंड झाल्यावर सगळं पुन्हा जुळतं. सहा आणि त्याहून जास्त गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये कंट्रोलर आणि सेन्सर आतच, तेलात बसवलेले असतात. रोज थंड-गरम होण्याचा मार त्यांनाही बसतो.

बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते ती दुरुस्त झाल्यामुळे नव्हे. इग्निशन बंद झालं, कंट्रोलर झोपला आणि पुन्हा उठल्यावर त्याने तपासणी नव्याने केली. त्या क्षणी दोष हजर नव्हता, म्हणून त्याने गिअर परत दिले. काही गाड्यांत इतकंही होत नाही, कोड पुसेपर्यंत त्या लिंपमध्येच राहतात. आणि किल्ली फिरवल्या फिरवल्या लगेच चालू करून उपयोग नसतो, कारण काही कंट्रोलर इग्निशन बंद केल्यावरही काही मिनिटं जागे असतात. तुम्ही दहा मिनिटं थांबलात, ते योग्यच केलंत.

पुन्हा रस्त्यात झालं तर काय करायचं, ते सांगतो. अॅक्सिलरेटर सोडा, धोक्याचे दिवे लावा, मागचं बघून डाव्या बाजूला सुरक्षित जागी या. घाईने लिव्हर पुढे-मागे करू नका. थांबल्यावर हँडब्रेक ओढा, पार्क टाका, इंजिन बंद करा. याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे: डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये ते चालू राहू द्या. तेलाचा पंप इंजिनावर फिरतो, आणि तो फिरत असेल तरच गरम तेल कूलरपर्यंत जातं. इंजिन बंद केलंत तर उकळतं तेल जिथल्या तिथे क्लचवर बसून राहतं. अर्थात इंजिनाचं पाणीही तापलं असेल किंवा खाली तेल ठिबकताना दिसत असेल, तर बंदच करायचं.

लिंपमध्येच घर किंवा गॅरेज गाठायचं असेल तर जवळचा रस्ता धरण्यापेक्षा सपाट रस्ता धरा. पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण ४ आणि तिसऱ्याचं १.५ धरलं, तर जागेवरून निघताना चाकांना नेहमीच्या निम्म्यापेक्षाही कमी जोर मिळतो. उरलेली कसर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग, भरून काढतो आणि तसं करताना तेल तापवतो. लिंप मोडमध्ये कन्व्हर्टरचा लॉक-अपही, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, बहुधा लागत नाही, त्यामुळे सपाटीवरही उष्णता रोजच्यापेक्षा जास्तच. चढावर, सिग्नल-सिग्नलला थांबत, अॅक्सिलरेटर दाबून गाडी रेटत राहिलात, तर आत्तापर्यंत फक्त वायरीचा असलेला दोष खरोखर क्लचपर्यंत पोहोचतो. ४०-५० च्या वेगाने, हलक्या पायाने, काही किलोमीटर: एवढंच या सोयीचं काम आहे. 'महिनाभर असंच चालवतोय, काही होत नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांचं तेल मी बाहेर काढून बघितलेलं आहे, आणि ते काळं होतं.

गाडी उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, मागवा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आतल्या बेअरिंगना आणि गिअरना तेल नाही. चाकं मात्र रस्त्यावर फिरत असतात आणि आउटपुट शाफ्ट फिरवत असतात. न्यूट्रल टाकलं म्हणून यातून सुटका नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाकं उचलून नेता येते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला फ्लॅटबेडशिवाय दुसरा पर्याय मी देत नाही.

आता तपासणी. पहिली गोष्ट, कोड पुसू देऊ नका आणि बॅटरीची तार काढू देऊ नका. तरुणपणी मी स्वतः ही चूक खूप वेळा केली आहे. कोड दिसला की पुसायचा आणि 'बघू परत येतो का' म्हणायचं. त्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते. दोष आला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, इंजिनावर किती भार होता, याची नोंद म्हणजे ही फ्रीझ फ्रेम. कधीतरी येणाऱ्या दोषाचा तो एकमेव साक्षीदार असतो. आधी सगळ्या कंट्रोलरचे कोड वाचून त्यांचा फोटो काढून ठेवा. सगळ्या म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, सगळे. साधा कोड रीडर अनेकदा फक्त इंजिनाशी बोलतो आणि पी ०७०० दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार आहे, तिकडे जाऊन विचारा. पी ०७०० बघून निदान सांगणाऱ्याने अजून पत्र उघडलेलंच नाही, फक्त पाकीट बघितलंय.

रेशोच्या कोडबरोबर दुसरं काय आहे, हे फार बोलकं असतं. सोबत पी ०७१५ किंवा पी ०७१७ असेल तर इनपुट सेन्सरकडे बोट जातं, पी ०७२० किंवा पी ०७२२ असेल तर आउटपुटच्या सेन्सरकडे. पी ०७५० किंवा पी ०७५५ असेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. पी ०७०५ म्हणजे लिव्हर कुठे आहे ते कंट्रोलरला कळत नाही. अशा वेळी डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षर मिणमिणतं किंवा गायब होतं. यू ०१०० किंवा यू ०१०१ म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलेनासे झाले. एबीएसमध्ये चाकाच्या सेन्सरचा कोड असेल तर तोही विसरू नका, कारण काही गाड्यांत गिअरबॉक्सचा कंट्रोलर आउटपुटचा वेग चाकांच्या वेगाशी ताडून बघतो. आणि एकदम पाच-सहा ठिकाणी असंबद्ध कोड निघाले, तर मी गिअरबॉक्सकडे बघतच नाही. आधी बॅटरी बघतो.

बॅटरीची गोष्ट लोकांना पटत नाही, कारण गाडी चालू तर होते. पण स्टार्टरला जे पुरतं ते कंट्रोलरला पुरेलच असं नाही. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. स्टार्ट मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ च्या दरम्यान राहावी. यापुढची चाचणी फारसं कोणी करत नाही आणि मी कधी चुकवत नाही: स्टार्ट मारताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरायचं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. माझ्याकडे एक गाडी आली होती, जिचा गिअरबॉक्स आधी दोनदा खोलून झाला होता. दोन्ही वेळा तक्रार पंधरा दिवसांत परत. दोष निघाला गिअरबॉक्सकडून बॉडीवर जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून चकचकीत, आणि बोल्टखाली हिरवी भुकटी. पट्टी घासून बसवल्यावर ती गाडी पुन्हा त्या तक्रारीसाठी आली नाही. मालकांना मी जुनी पट्टी हातात दिली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर गिअरबॉक्सवरचा मोठा कनेक्टर. तो काढून पिना नीट बघा: हिरवटपणा, मागे सरकलेली पिन, आणि तेल. तेल दिसलं तर नुसतं पुसून परत लावू नका. आतलं सील गेलं की गरम तेल वायरीच्या तारांमधून, दिव्याच्या वातीत चढावं तसं, चढत जातं आणि मीटरभर लांबच्या कंट्रोलरपर्यंत पोहोचतं. मी कंट्रोलरचा कनेक्टर काढल्यावर त्यातून लाल तेल हातावर आलेलं पाहिलंय, आणि तो कंट्रोलर गिअरबॉक्सपासून चांगला लांब, कोरड्या जागी बसवलेला होता. संपर्क साफ करायचा स्प्रे, नवं सील आणि गरज पडली तर नवा कनेक्टर, एवढ्यात काम भागलं तर नशीबच. गाडीत नंतर बसवलेला अलार्म, जादा दिवे, कॅमेरा यांची वायर कुठून घेतली आहे, तेही बघा. मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोलून मारलेला जोड हा माझ्या अनुभवात नेहमीचा गुन्हेगार आहे.

तेलाकडे येतो. ऑटोमॅटिकमध्ये तेल हे फक्त वंगण नाही, हुकूम पोहोचवणारं तेच आहे. कमी पडलं तर पंप वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर हवा ओढतो. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. हा दोष जास्त वेगात आणि तापल्यावर दिसतो. पुष्कळ नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना, अनेकांत ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, बाजूचा प्लग उघडून पातळी बघतात. गाडी तासभर चालवून, तेल ८०-९० अंशांवर असताना कोणी प्लग उघडला, तर फुगलेलं तेल वाहून जातं आणि पातळी बरोबर असल्याचा भास होतो. ८ लिटर तेल ४० अंशांनी जास्त तापलं तर सुमारे पाव लिटर फुगतं. थंड झाल्यावर तेवढं कमी. तेलाची सर्व्हिस झाल्यानंतर महिन्याभरात तक्रार सुरू झाली असेल, तर ही शक्यता मला आवर्जून सांगा. डबा कोणता ओतला तेही विचारा. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक), ड्युअल क्लचचं (सम आणि विषम गिअरना वेगळा क्लच असलेली) आणि साध्या ऑटोमॅटिकचं तेल एकमेकांच्या जागी चालत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेलं मानक तेच हवं.

थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. गडद झालं म्हणजे संपलं, असं नाही. जळका वास, काळा रंग आणि बोटांत चोळल्यावर लागणारी कचकच मात्र क्लचची सामग्री सुटल्याचं सांगते. बारीक राखाडी चिखल तळाच्या चुंबकावर थोडा असतोच, त्याला घाबरू नका. चकाकणारे तुकडे असतील तर घाबरा. आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलंय, आणि ते क्लच प्लेटवरचा चिकटवलेला थर सोडवतं. तिथे दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो, ही भीती सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा असं झालेलं असतं की क्लच आधीच घसरत होता, म्हणूनच तेल बदललं, आणि दोष नव्या तेलावर गेला. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला तेल बदलणं हा उपाय नाही. न घसरणाऱ्याला तो फायद्याचाच आहे, पण मशिनने जोरात फ्लश करण्यापेक्षा मी काढून-भरणं पसंत करतो. तेल साधारण ८० ते ९५ अंशांत काम करतं. १२० च्या वर गेलं की झपाट्याने खराब व्हायला लागतं. डोंगरात भरल्या गाडीने, जडशीळ ट्रेलर ओढत किंवा तासन् तास कोंडीत गाडी चालत असेल, तर 'आयुष्यभराचं तेल' या शब्दांवर विसंबून राहू नका.

सोलेनॉइडचा कोड असेल तर ओहम मोजता येतात, तेही बहुधा बाहेरच्या कनेक्टरवरूनच, काही न खोलता. फक्त चालू-बंद होणारे सोलेनॉइड साधारण १० ते २५ ओहमच्या घरात, दाब ठरवणारे ४ ते ६ च्या घरात असतात. नेमका आकडा त्या गिअरबॉक्सच्या पुस्तकातून घ्यायचा. मोजायचं ते थंड आणि गरम, दोन्ही वेळा. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो: २० अंशांना ५ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना साडेसहाच्या आसपास जाते, आणि ते नैसर्गिक आहे. ती अचानक अनंतावर गेली तर आतली तार तापल्यावर तुटते आहे. कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसतील तर बॅटरीची तार काढून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमध्ये मोजा. १२० ओहमचे दोन रोध समांतर असल्यामुळे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरीची तार काढायची ही वेळ, कोड लिहून घेतल्यानंतरची.

सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्राने हलवलेले) यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण तुमची गाडी त्यातली नाही. सीव्हीटीत अडकायला ठरावीक गिअरच नसतो, तिथे जोर आणि वेग कमी केला जातो. ड्युअल क्लचमध्ये अनेकदा एक क्लच बाजूला काढून फक्त सम किंवा फक्त विषम गिअर उरतात. एएमटीत प्रश्न बहुधा क्लच किंवा गिअर हलवणाऱ्या अॅक्च्युएटरचा असतो. वर सांगितलेलं बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टरचं मात्र तिघांनाही तसंच लागू आहे.

दुरुस्ती काहीही झाली, सेन्सर, व्हॉल्व्ह बॉडी किंवा क्लच, तरी कंट्रोलरने जुन्या झिजेप्रमाणे शिकून ठेवलेले आकडे पुसून त्याला नव्याने शिकवावं लागतं. कंपनीने दिलेल्या पद्धतीने, तेल ठरावीक तापमानाला आणून हे करतात. हे न करता गाडी दिली, तर चांगल्या कामानंतरही झटके येतात आणि मालकाचा विश्वास उडतो.

आता तुमच्या गाडीसाठी मी काय करीन ते सांगतो. कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घेऊन, बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर आणि तेलाची पातळी बघून झाली आणि तरीही काही सापडलं नाही, तर गाडी उचलायची नाही, चालवायची. स्कॅनर जोडून इंजिन, इनपुट आणि आउटपुट यांचे आरपीएम, तेलाचं तापमान आणि बॅटरीचा दाब एकत्र नोंदवत, शेजारी दुसऱ्या माणसाला बसवून, तुमचा तो तासभराचा हायवे पुन्हा करायचा. दोष येईपर्यंत. मग नोंद उघडून शेवटचे पाच सेकंद बघायचे. इनपुटची रेघ मधेच तुटून खाली पडली आणि इंजिनाची रेघ तशीच सरळ राहिली, तर सेन्सर किंवा वायर शोधा; सेन्सर आत असला तरी ते काम सगळा गिअरबॉक्स खोलण्यापेक्षा खूप लहान असतं. इनपुट आणि इंजिन दोन्ही हातात हात घालून वर चढले, आउटपुट तिथेच राहिला आणि त्यानंतर झटका बसला, तर क्लच खरंच घसरला आहे. त्यातही आधी दाब मोजायला सांगा. तापल्यावर दाब पडत असेल तर व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप बघायचे. दाब पूर्ण असूनही घसरत असेल, तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. गिअरबॉक्स खोलू द्या.